वाचक विचारतात : रिकाम्या बरण्या, जुने खण आणि घरातलं सामान

घरातल्याच वस्तू वापरून सामान लावण्याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. डबा किंवा खोका आवडला म्हणून ठेवला जातो आणि त्यात काय भरायचं याचा विचार नंतर होतो. क्रम उलटा हवा. काय ठेवायचं, त्याचं वजन किती, ते दमट जागी राहणार की कोरड्या, हे आधी ठरवा आणि जागेचं माप घ्या. मग कोणती वस्तू चालेल आणि कोणती नाही, हे चटकन कळतं.

प्रश्न : ड्रॉवरमध्ये कप्पे करण्यासाठी बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून आडव्या-उभ्या पट्ट्या लावल्या. थोड्याच दिवसांत त्या वाकल्या. चांगल्या दिसाव्यात म्हणून एका बाजूने रंगीत कागद चिकटवला, तर आणखीच वाकड्या झाल्या. काय चुकलं?

उत्तर : आधी पुठ्ठा बदला. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कप्प्यांसाठी बहुधा पातळ पडतो. मोठ्या पार्सलच्या खोक्याचा ३ ते ५ मिमी जाडीचा पुठ्ठा घ्या. त्याची कापलेली कड पाहिली तर दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद दिसेल. त्यामुळे आत बारीक नळ्यांची रांग तयार झालेली असते. पुठ्ठा या नळ्यांना समांतर रेषेत सहज दुमडतो, नळ्यांना आडवा मात्र दुमडत नाही. ड्रॉवरमधल्या पट्टीवर वरून वजन येत नाही, सामानाचा रेटा बाजूने येतो. म्हणून पट्टी कापताना नळ्या तिच्या लांबीच्या दिशेने जायला हव्यात. एकावर एक रचायचा खोका असेल तर नेमकं उलट, तिथे नळ्या उभ्या हव्यात, कारण भार वरून येतो. पट्ट्या वाकण्याचं मुख्य कारण बहुतेक वेळा नळ्यांची चुकलेली दिशा हेच असतं.

पट्टीची लांबी ड्रॉवरच्या आतल्या मापापेक्षा १ ते २ मिमी कमी ठेवा. माप पुढे आणि मागे दोन्हीकडे घ्या, कारण जुने ड्रॉवर क्वचितच काटकोनात असतात. उंची ड्रॉवरच्या बाजूच्या फळीपेक्षा १ सेंमी कमी असू द्या, म्हणजे ड्रॉवर बंद करताना पट्टी वर अडकणार नाही. जिथे दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे एकीला वरून आणि दुसरीला खालून, उंचीच्या बरोबर निम्म्यापर्यंत खाच पाडा. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच हवी. रुंद झाली तर पट्टी डुलते, अरुंद झाली तर पुठ्ठा फुगून फाटतो. पुठ्ठ्याच्या एखाद्या तुकड्यावर खाच पाडून बसवून बघा आणि मगच सगळ्या पट्ट्या कापा.

आता कागदाचं. गोंदातल्या पाण्याने कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूला कागद असेल तर पट्टी त्या बाजूला वाकणारच. दोन्ही बाजूंना सारखाच कागद, एकाच बैठकीत चिकटवा. लाकूडकामाचा पांढरा गोंद पाणी न घालता पातळ थरात लावा आणि पट्टी जड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा.

एक पथ्य पाळा. सिंकखाली, न्हाणीघरात किंवा ओल येणाऱ्या भिंतीला लागून पुठ्ठा ठेवू नका. ओलसर पुठ्ठ्याला बुरशी धरते, कागद आणि गोंद कसरीचं खाद्य असतं आणि त्या नळ्यांमध्ये झुरळांना आयती जागा मिळते. अशा जागी प्लास्टिकच वापरा.

प्रश्न : काचेच्या बरण्यांवरची लेबलं निघतात, पण चिकटा राहतो. शिवाय धुऊनही आधीच्या पदार्थाचा वास जात नाही.

उत्तर : गरम पाण्यात भांडी धुण्याचा साबण घालून बरणी अर्धा तास बुडवून ठेवा. पाण्यात विरघळणारा गोंद असेल तर लेबल आपसूक सुटतं. चिकटा उरला, म्हणजे तो गोंद पाण्याला दाद देणारा नाही. मग स्वयंपाकाचं कोणतंही तेल आणि खाण्याचा सोडा समप्रमाणात कालवून त्यावर लावा आणि १५ ते २० मिनिटांनी खरबरीत कापडाने चोळा. तेलाने गोंद सैल होतो, सोडा तो खरवडतो. शेवटी साबणाने धुवा. गार बरणीत एकदम उकळतं पाणी मात्र ओतू नका. काच तडकते.

वासाचं मूळ काचेत नसतं. झाकणाच्या आत जी मऊ कडी किंवा थर असतो, त्यात तो मुरलेला असतो. झाकणाला आतून सोड्याची ओली पेस्ट लावून रात्रभर ठेवा, धुवा आणि एक-दोन दिवस कडक उन्हात उघडं ठेवा. तरीही वास राहिला तर ती बरणी बटणं, खिळे, रबरबँड अशा कामाला लावा. झाकणाच्या आतला रंग खरवडून गंज दिसत असेल, तर तीही खाण्याच्या वस्तूंसाठी नको. रिकाम्या बरण्या ठेवताना झाकण घट्ट लावू नका. आत अडकलेल्या दमटपणाने नवा वास तयार होतो.

प्रश्न : बरण्यांची झाकणं फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवून बरण्या टांगल्या आहेत. बरणी फिरवली की झाकणही फिरतं. एक बरणी तर खाली पडली.

उत्तर : एका झाकणाला एकच स्क्रू लावला की हे होतं. बरणी फिरवताना झाकण त्याच स्क्रूभोवती फिरतं, स्क्रू सैल होत जातो आणि शेवटी निघतो. प्रत्येक झाकणाला दोन स्क्रू लावा, एकमेकांपासून २ ते ३ सेंमीवर, दोन्ही डोक्यांखाली वॉशर घालून. झाकणाच्या कडेची जी कडी बरणीच्या तोंडावर बसते, तिच्यापासून स्क्रू दूर हवेत. नाहीतर बरणी पूर्ण बसतच नाही.

स्क्रूची लांबी फळीच्या जाडीवर ठरते. १८ मिमीच्या फळीला १५ मिमीचा स्क्रू पुरे. त्याहून लांब घेतला तर टोक वर येईल आणि वरची वस्तू उचलताना हाताला लागेल. झाकणाला भोक पाडताना खाली लाकडाचा तुकडा ठेवून खिळा आतून बाहेर ठोका आणि बाहेर आलेली कड हातोडीने सपाट करा. उलट केलं तर ती धारदार कड झाकणाच्या आत राहते आणि बोट कापतं. फळीलाही स्क्रूपेक्षा बारीक भोक आधी पाडून घ्या, म्हणजे लाकूड चिरत नाही.

झाकण पत्र्याचंच हवं. प्लास्टिकचं स्क्रूजवळ तडकतं. पाव वळणात उघडणारी झाकणं या कामाला सर्वांत सोयीची, कारण बरणी एका हाताने निघते. दोन बरण्यांमध्ये बोटं जातील एवढं, किमान ३ सेंमी अंतर सोडा.

आणि वजन बघा. बटणं, दोरे, पिना, रबरबँड टांगायला हरकत नाही. अर्धा लिटरची बरणी खिळ्यांनी भरली तर वजन किलोच्या आसपास जातं, तिची जागा फळीवर. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीत स्क्रूची पकड मुळातच कमी असते, तिथे हलक्याच बरण्या लावा. पलंगाच्या वर, शेगडीच्या वर किंवा डोक्यावरून जाण्यायेण्याच्या वाटेवर टांगलेल्या बरण्या आम्हाला मान्य नाहीत. भोकं पडलेलं झाकण हवाबंद राहत नाही, म्हणून त्यात खाण्याचं काही ठेवू नका.

प्रश्न : मोडलेल्या कपाटाचा एक लाकडी खण चांगला आहे. त्याला चाकं लावून पलंगाखाली सरकवायचा आहे. खणाची उंची ११ सेंमी, पलंगाखाली १८ सेंमी जागा. चाकं थेट तळाला लावली तर चालेल का?

उत्तर : नाही, आणि कारण खण उलटा केला की दिसेल. बहुतेक खणांचा तळ म्हणजे ३ ते ४ मिमीचा पातळ प्लाय असतो. तो बाजूच्या फळ्यांच्या खाचेत नुसता सरकवलेला असतो. त्यात स्क्रूला धरायला काही नाही. खण भरून ओढला की पहिल्या आठवड्यातच चाक तळासकट उचकटेल.

चाकांना बसायला दोन आडव्या लाकडी पट्ट्या हव्यात, २० मिमी जाड आणि ५ सेंमी रुंद. बाजूच्या फळ्या तळाच्या खाली साधारण १ सेंमी उतरलेल्या असतात. पट्टी या दोन फळ्यांच्या मध्ये घट्ट बसेल अशी कापा, म्हणजे तिची निम्मी जाडी त्या खोलगट जागेतच मावते आणि खाली फक्त १ सेंमी डोकावते. पट्टीच्या वरच्या अंगाला गोंद लावून ती तळाला चिकटवा. मग दोन्ही टोकांना बाहेरून, बाजूच्या फळीतून पट्टीत जाणारे दोन-दोन स्क्रू लावा. इथे भोक आधी पाडणं सोडूच नका. स्क्रू पट्टीच्या टोकात शिरतो आणि लाकूड तिथेच सर्वांत लवकर चिरतं. एक पट्टी पुढे, एक मागे. खण ६० सेंमीपेक्षा रुंद असेल तर मध्ये तिसरी पट्टी नुसती तळाच्या आधाराला लावा.

आता उंचीचा हिशेब. दुकानात चाकाचा व्यास सांगतात, आपल्याला लागते ती चाक आणि वरची पत्री मिळून होणारी एकूण उंची. ४० मिमी चाकाची एकूण उंची ५ सेंमीच्या आसपास जाते. ११ अधिक १ अधिक ५, म्हणजे १७. वर फक्त १ सेंमी उरतो आणि एवढ्यात कपडा अडकतो. ३० मिमीचं चाक घेतलं तर एकूण उंची साधारण ४ सेंमी, बेरीज १६ आणि वर २ सेंमी मोकळे. तुमच्या मापाला तेच योग्य. खरेदी करताना मोजपट्टी घेऊन जा आणि चाक मोजूनच घ्या. पलंगाखालची १८ सेंमी कुठे मोजलीत तेही एकदा बघा. कडेच्या फळीखाली मोजून चालत नाही. मधला आडवा दांडा बऱ्याचदा तिच्यापेक्षा खाली असतो.

मागची दोन चाकं सरळ जाणारी आणि पुढची दोन फिरणारी घ्या. चारही फिरणारी असली तर खण आत ढकलताना तिरका होऊन पलंगाच्या पायावर आपटतो. चाकाचे स्क्रू १६ मिमीचे, म्हणजे २० मिमीच्या पट्टीत आतल्या आत राहतील. गुळगुळीत फरशीवर रबरी चाकं बरी, कडक प्लास्टिकची खडखडतात आणि चरे पाडतात. वरून जुन्या सुती चादरीचं झाकण टाका. प्लास्टिक टाकलं तर आत दमटपणा साचतो.

प्रश्न : चार्जरच्या वायरी पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये कोंबून ठेवतो. वापरात नसूनही काही वायरी पिनेजवळ तुटल्या. सेल एका पत्र्याच्या डब्यात असतात, ते ठीक आहे ना?

उत्तर : नळीची कल्पना चांगली आहे, घडी चुकते आहे. पिनेच्या तोंडाशी वायर कडक गाठीसारखी दुमडली की आतल्या बारीक तारा तिथेच तुटतात. पिनेपासून ५-६ सेंमी वायर सरळ सोडा, उरलेल्या वायरीचं हाताच्या तळव्याएवढं सैल वेटोळं करा, ते मधोमध चिमटीत दाबून नळीत सरकवा. घट्ट ताणून गुंडाळू नका. नळीवर कोणत्या यंत्राची वायर आहे ते लिहा, नाहीतर सगळ्या नळ्या उपसाव्या लागतात. एक्स्टेंशन बोर्डची लांब वायर गुंडाळलेल्या अवस्थेत जड यंत्राला वापरू नका. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि वरचं आवरण वितळू शकतं.

सेलचा डबा मात्र आजच बदला. पत्र्यातून वीज वाहते. ९ व्होल्टच्या चौकोनी सेलची दोन्ही टोकं एकाच बाजूला, शेजारीशेजारी असतात. ती पत्र्याला, किल्लीला किंवा दुसऱ्या सेलला एकदम टेकली तर सेल तापतो आणि आग लागू शकते. त्याच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि सगळे सेल प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. बर्फाचा जुना प्लास्टिक ट्रे लहान सेलना छान बसतो, प्रत्येक खणात एकच ठेवता येतो. घड्याळाचे बटणासारखे सेल लहान मुलांच्या हाती लागता कामा नयेत. एखादा गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी वाट न बघता थेट इस्पितळ गाठा.

प्रश्न : फिनेल आणि ॲसिड मोठ्या कॅनमधून पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत काढून ठेवलं तर चालेल का? वर लेबल लावू.

उत्तर : नाही. लेबल लावूनही नाही. पाण्याच्या बाटलीच्या आकाराला हात सवयीने जातो, लहान मूल लेबल वाचत नाही आणि अंधारात कुणीच वाचत नाही. शिवाय ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बाटलीच्या तळाशी उरलेले थेंबसुद्धा धोक्याचे. ही रसायनं मूळ बाटलीतच राहू द्या. औषधांचंही तसंच. स्ट्रिपमधून काढून सुंदर बरणीत भरलेल्या गोळीचं नाव आणि मुदत दोन्ही हरवतात. उलट वाटेनेही जाऊ नका : कीटकनाशकाचा किंवा रंगाचा डबा कितीही धुतला तरी तो खाण्याच्या वस्तूंसाठी पुन्हा वापरायचा नाही.

प्रश्न : जुन्या सूटकेसमध्ये लोकरीचे कपडे आणि जादा चादरी ठेवायच्या आहेत. आतून वास येतो आणि अस्तर थोडं चिकट लागतं.

उत्तर : वास घालवता येईल, चिकटपणा नाही. अस्तरावर पॉलियुरेथेनचा थर असला तर वर्षानुवर्षांच्या दमटपणाने तो विघटित होत जातो. आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात आणि कपड्यांना लागतात. पुसून तो पूर्ववत होत नाही. अस्तर कडेने कापून पूर्ण काढा, आतली बाजू ओल्या फडक्याने पुसून वाळवा आणि जुनी सुती चादर पसरून कपडे तिच्यातच गुंडाळून ठेवा. मुख्य कवचच चिकट होत असेल तर ती सूटकेस कपड्यांच्या कामाची राहिली नाही.

वासासाठी सूटकेस दोन-तीन दिवस उन्हात उघडी ठेवा. मग चुरगळलेले वर्तमानपत्राचे बोळे आणि वाटीभर सोडा आत ठेवून चार दिवस बंद करा. शाईचा डाग पडू नये म्हणून बोळे कापडाला लागू देऊ नका. लोकर ठेवण्याआधी धुऊन पूर्ण वाळवलेली हवी, कारण घाम आणि डाग असलेल्या लोकरीकडे कसर लवकर वळते. चादरींसाठी एक सोपी रीत सांगतो : चादर आणि एक अभ्रा घडी करून त्याच जोडीच्या दुसऱ्या अभ्र्यात भरा. जोडी फुटत नाही आणि हवाही खेळती राहते.

प्रश्न : प्लास्टिकच्या बाटल्या कापून पेन, ब्रश ठेवायला केल्या. कडा बोचतात.

उत्तर : कापण्याआधी बाटलीभोवती कागदाची सरळ पट्टी गुंडाळून तिच्या कडेने रेघ मारा, म्हणजे काप तिरका जात नाही. पहिला छेद कटरने द्या, पुढे कात्री वापरा. कडेसाठी इस्त्री मध्यम तापवा, तळाला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि बाटलीची कड २-३ सेकंद टेकवून उचला, थोडी फिरवून पुन्हा टेकवा. कड आत वळते आणि गोल होते. जास्त वेळ धरली तर बाटलीच आक्रसते. खिडकी उघडी ठेवा. इस्त्रीचा खटाटोप नको असेल तर कडेवर कापडी चिकटपट्टी दुमडून लावा. या बाटल्यांचं प्लास्टिक साधारण ७० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं, म्हणून शेगडीजवळ त्या ठेवू नका.

प्रश्न : दागिने ठेवायला बर्फाचा ट्रे वापरते. चांदीचे काही कानातले काळे पडले. ट्रेमुळे का?

उत्तर : ट्रेपेक्षा त्याच्या आसपास काय आहे ते पाहा. चांदी गंधकाच्या संयुगांनी काळी पडते. रबरबँडमध्ये, लोकरीत आणि काही पुठ्ठ्यांत गंधक असतं. ट्रेच्या खणात लोकरीचं कापड घातलं असेल किंवा जोड्या रबरबँडने बांधल्या असतील, तर कारण तेच. तळाला धुतलेलं सुती कापड घाला आणि चांदीची जोडी झिप असलेल्या छोट्या पिशवीत, हवा काढून, आपापल्या खणात ठेवा.

प्रश्न : पत्र्याचे रिकामे डबे न्हाणीघरात ब्रश ठेवायला वापरले, फरशीवर गंजाचे गोल डाग उमटले.

उत्तर : पत्र्याच्या तळाच्या शिवणीत पाणी थांबतं आणि गंज तिथून सुरू होतो. आतून-बाहेरून रंग लावला तरी शिवणीपाशी तो आधी निघतो. न्हाणीघरात काच किंवा प्लास्टिक वापरा. पत्र्याचे डबे कोरड्या जागी, पट्ट्या, कात्र्या, ब्रश ठेवायला उत्तम. फक्त कापलेली वरची कड कानसीने घासून घ्या आणि तळाला रबराचे किंवा फेल्टचे तीन तुकडे चिकटवा. पडलेल्या डागांवर लिंबाचा रस १०-१५ मिनिटं ठेवून घासा. पण फरशी संगमरवराची असेल तर लिंबू लावू नका, आम्लाने तिची चकाकी कायमची जाते.